डोंगरात न्यायचा कॅमेरा

मेजर रॉबर्ट गिल म्हटले की आपल्याकडे प्रथम पारोची आठवण निघते. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्याने तर ती घरोघर पोहोचविली. परंतु या गिलसाहेबाच्या चरित्रात दुसराही एक विषय दडलेला आहे. डोंगरकपारीत हिंडताना कॅमेरा कोणता न्यावा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला होता आणि सातपुड्यात वा पाटणादेवीच्या रानात जाणाऱ्या आजच्या खानदेशी तरुणापुढेही तो तसाच उभा आहे.

१८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतील या अधिकाऱ्यास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर नेमले. फर्दापुरास मुक्काम करून वर्षानुवर्षे त्याने भल्यामोठ्या कापडांवर ती चित्रे रंगविली. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला.

त्या काळची छायाचित्रणाची रीत म्हणजे एक बिऱ्हाडच होते. काचेवर कलोडियन ओतावयाचे, ती चांदीच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगोलग अंधाऱ्या तंबूत धुवावयाची. खानदेशच्या चैत्रवैशाखात ती ओल किती वेळ टिकणार ! शिवाय छोट्या काचेवरून मोठे चित्र काढण्याची सुलभ सोय नव्हती. जेवढी काच तेवढेच चित्र. मोठे चित्र हवे तर मोठी काच, मोठी पेटी आणि ती डोंगर चढविणारे हमालही हवेत.

गिलने यातून एक वाट धरली. त्याने दुभिंगी, म्हणजे स्टिरिओस्कोपिक, कॅमेरा वापरला. दोन डोळ्यांप्रमाणे शेजारी बसविलेली दोन भिंगे दोन छोटी चित्रे टिपतात. ती दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खांब पुढे येतात, गाभारा मागे सरतो. चित्र लहान, तरी खोली मोठी. शिवाय आखूड पल्ल्याच्या भिंगाला उजेडही कमी वेळ पुरतो. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह लेण्यांवरचे पुस्तक निघाले, त्यात गिलची ७४ छायाचित्रे होती. अजिंठ्याच्या पलीकडे लोणारची देवळेही त्याच्या कॅमेऱ्याने टिपली.

मात्र या छोट्या साधनाचे बळ मर्यादित होते. लेण्यांचे दर्शनी भाग, शिल्पे यांना ते पुरे पडले. आतल्या काळोखातील चित्रांचे रंग काही त्याला सापडेनात. रंगांसाठी कुंचलाच लागे. आणि नेमका त्या कुंचल्याच्या कामावरच घाला पडला. ३० डिसेंबर १८६६ रोजी लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि गिलच्या नकलांपैकी थोड्याच वाचल्या. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने आपल्या विद्यार्थ्यांसह पुन्हा नकला केल्या. त्यांतील कितीतरी १८८५ च्या लंडनमधील आगीत गेल्या. एकाच प्रतीचे दैव असेच असते. छायाचित्रांच्या प्रती मात्र अनेक ठिकाणी पसरल्या होत्या. म्हणून त्या उरल्या.

१८७९ साली गिल वारला. भुसावळला त्याची कबर आहे. योगायोग असा, की त्याच वर्षी जर्मनीत ऑस्कर बार्नाक जन्मास आला. त्याला दम्याचा विकार होता आणि डोंगररानांत भटकण्याची हौस. अवजड काचांचा कॅमेरा वाहणे झेपेना, म्हणून त्याने सिनेमाच्या फिल्मवर चालणारा हातात मावेल असा कॅमेरा घडविला. तोच १९२५ साली लायका या नावाने बाजारात आला. चित्र २४ गुणिले ३६ मिलिमीटरचे, ते मागाहून मोठे करावयाचे. काचेएवढेच चित्र, ही गिलच्या काळची अडचण तेथे सरली. आणि अजिंठ्याचे रंग ? तेही छायाचित्रणाच्या आधारे गुलाम याझदानींच्या ग्रंथांत १९३० पासून छापून येऊ लागले.

आज खिशातल्या फोनमध्येही कॅमेरा असतो. तरी निवडीची कसोटी पालटलेली नाही. चढ चढताना जो जड वाटून घरी राहतो तो कॅमेरा कितीही उत्तम असला तरी व्यर्थ होय. काळोख्या लेण्यात किंवा सांजवेळी त्याचे भिंग कितपत साथ देते, हे त्यानंतर पाहावे. आणि घरी परतल्यावर चित्राची दुसरी प्रत, जमल्यास तिसरीही, वेगळ्या ठिकाणी ठेवावी. लेणी आहेत तेथे आहेत. पण भिंतींवरचे जे रंग गिलने पाहिले त्यांतले पुष्कळसे आज तेथे राहिलेले नाहीत.