तपासणीच्या दिवशी गैरहजर

आई गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा जुन्या रेशनकार्डाखाली माझे तिसरीचे प्रगतिपुस्तक सापडले. साल १९७६-७७, शाळा मालाड पूर्वेची, महापालिकेची. जानेवारीच्या रकान्यात कामाचे दिवस २४, हजर २३. शेरा, ‘प्रगती समाधानकारक’. पालकाच्या सहीच्या जागी आईचा अंगठा.

तो एक दिवस मला पक्का आठवतो. आदल्या दिवशी शाळा सुटताना बाईंनी आम्हा पाच जणांना थांबवले आणि म्हणाल्या, “उद्या घरीच राहा रे, साहेब येणार आहेत.” पाचही जणांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. आम्हाला सुटीचा आनंदच झाला. बाईंवर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही. पन्नासावर मुलांचा वर्ग त्या एकट्या सांभाळत. पण प्राथमिक शिक्षणाचे जुने अहवाल वाचण्याचा नाद मला का लागला, याचे उत्तर बहुधा त्या २३ च्या आकड्यात आहे.

ही युक्ती बाईंच्या डोक्यातून निघालेली नव्हती. तिचे मूळ शोधायला १८६२ च्या इंग्लंडात जावे लागते. रॉबर्ट लो यांनी तेव्हा ‘रिवाइज्ड कोड’ आणला. मुलामागे शाळेला जास्तीत जास्त १२ शिलिंग अनुदान. त्यांतले ४ हजेरीवर आणि ८ परीक्षेवर. वाचन, लेखन आणि अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापले जायचे. तपासनीस वर्षातून एकदा येई आणि एकेका मुलाची किंमत ठरवून जाई. कवी मॅथ्यू अर्नल्ड पोटासाठी शाळा तपासनीस होता. शिकवणे यांत्रिक झाल्याची तक्रार त्याने खात्यात राहूनच केली. अशा व्यवस्थेत कच्चे पोर म्हणजे शाळेच्या खिशाला भोक.

थोड्याच वर्षांत निकाल पाहून पैसे देण्याची ही रीत मुंबई इलाख्याच्या अनुदान नियमांत आली. ती होती खासगी आणि मिशनच्या शाळांसाठी. सरकारी शाळेतल्या मास्तरांचा पगार ठरलेला असे, पण वार्षिक तपासणी त्यांनाही चुकत नसे. डेप्युटी इन्स्पेक्टरचा ‘दिपोटी’ मराठीत रुळला तो याच काळात. मालाड तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातले गाव. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड शेतकऱ्याकडून वसूल होई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे वळे. म्हणजे शाळेचा खर्च काही अंशी कुणबी-आगऱ्याच्या घामातून निघत होता. त्याचे पोर त्या शाळेत काय शिकते, हे पाहायला मात्र वर्षातून एक माणूस, तोही वर्दी देऊन.

याच जागी जोतीराव फुल्यांनी बोट ठेवले. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे हंटर आयोगापुढचे त्यांचे निवेदन आपल्याकडे पुष्कळदा उद्धृत होते, पण बहुतेक वेळा सक्तीच्या शिक्षणाच्या मागणीपुरते. देखरेखीबद्दलचा मजकूर लोक ओलांडून जातात. मला तो निवेदनातला सर्वांत व्यवहारी भाग वाटतो. दिपोटीच्या वर्षातून एका भेटीने काहीही साधत नाही, असे ते सांगतात. शाळा निदान दर तीन महिन्यांनी तपासा, आणि त्याखेरीज अधूनमधून आगाऊ न कळवता जा. गावच्या व तालुक्याच्या अंमलदारांवर हे काम सोपवू नका. त्यांच्यामागे इतर कामे इतकी, की ते आले तरी वरवर पाहून जातात.

त्याच निवेदनात निकालावर पैसे देण्याची पद्धत अशिक्षित आणि गरीब लोकांत मुळीच उपयोगाची नाही, असेही ते म्हणतात. अशा वस्तीत कोणी शिक्षक आपल्या हिमतीवर शाळा काढणारच नाही, कारण त्यावर त्याचे पोट भरणार नाही. या दोन गोष्टी मी आधी वेगवेगळ्या वाचल्या. पुढे लक्षात आले की जोतीराव तपासणीच्या विरोधात नाहीतच. त्यांना ती जास्त हवी आहे. पोर पास झाले की नाही यावर शाळेचा जीव टांगून ठेवणे तेवढे त्यांना नको आहे. १८४८ पासून ज्याने स्वतः शाळा चालवल्या, त्याला मास्तर कुठे कसा वागेल हे ठाऊक असणारच.

१९०४ च्या शिक्षणविषयक ठरावात कर्झनच्या सरकारने निकालावरच्या अनुदानाची पद्धत बाजूला सारली. १९५७ च्या फेब्रुवारीत मालाड बृहन्मुंबईत आले. दिपोटी गेले, साहेब आले, वर्दी राहिली.

यात फरक पडलेला मला पुढे एके ठिकाणी आढळला, तोही परीक्षा घेणाऱ्यांच्या रीतीत. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाची पाहणी झाली. वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळे बसवून पायाभूत वाचन आणि अंकगणित शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या मुलांचे गुण वाढल्याचे दिसते आणि तळातल्या मुलांचे सर्वाधिक. पुढे दोघांना नोबेल मिळाले, त्यामुळे हा निबंध बराच गाजला. माझी नजर अडली ती त्यातल्या एका साध्या तपशिलावर. चाचणीच्या दिवशी जी मुले गैरहजर होती, त्यांच्यासाठी परीक्षक शाळेत पुन्हा पुन्हा गेले आणि तरीही जी भेटली नाहीत, त्यांच्या घरी जाऊन चाचणी घेतली. हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो.

२००५ पासूनची ‘असर’ पाहणी तर घरोघरीच होते, म्हणजे हजेरीपटाबाहेरचे मूलही मोजले जाते. पण ती ग्रामीण भागाची, मालाड तिच्यात येत नाही. २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत राज्यातल्या प्रत्येक मुलाची नोंद संगणकावर आहे. ती भरण्यात शिक्षकांचे किती तास जातात, ते कुठल्याही शिक्षकखोलीत विचारावे.

त्या जानेवारीत आम्ही पाच जण दगडखाणीजवळच्या टेकाडावर जाऊन बसलो होतो. तिथून शाळेचे फाटक दिसे. साहेबांची गाडी साडेदहाला आली आणि जेवणाच्या सुटीआधी गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली आणि वजाबाकी सोडून गुणाकार सुरू केला.