दोन पाषाणांमधील चिखल

पुण्याहून मुंबईस जातांना गाडी खंडाळ्याचा घाट उतरूं लागते आणि दोन बोगद्यांमधल्या उजेडांत डोंगराची कापलेली बाजू क्षणभर डोळ्यांपुढें येते. ती काळीभोर असते. पण मधूनच एखादा विटेच्या रंगाचा तांबडा पट्टा त्या काळ्या भिंतींतून आडवा गेलेला दिसतो. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं असा पट्टा पाहिला असेल. फार थोड्यांनीं त्याकडे लक्ष दिलें असेल. भूगर्भशास्त्रज्ञ मात्र नेमका तेथेंच थांबतो. पट्ट्याच्या खालचा दगड आधींचा कीं वरचा, दोहोंमध्यें काळ किती गेला, आणि हा सारा डोंगर पृथ्वीच्या इतिहासांत कोणत्या पानावर बसवावयाचा, हे त्याचे प्रश्न. शिलालेखावर निदान शक तरी कोरलेला असतो. नुसत्या शिळेवर तोही नाहीं.

यांतला पहिला नियम इतका साधा आहे कीं, तो सांगावयास शास्त्रज्ञ कशाला हवा, असें वाटावें. घरांत वर्तमानपत्रांची रद्दी सांचत जाते तेव्हां सर्वांत जुना अंक तळाशीं असतो. स्टेनो या डेन्मार्कच्या शरीरशास्त्रज्ञानें फ्लॉरेन्स येथें सन १६६९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हाच न्याय खडकांस लावला. पाण्यांतील गाळ आडवा सांचतो, आणि वरचा थर सांचत असतां खालचा अगोदरच घट्ट झालेला असला पाहिजे, हें त्याचें म्हणणें. अर्थात् रद्दीचा ढीग कोणी उलथून टाकला तर हा न्याय फसतो. हिमालयांत थरांना घड्या पडून ते कित्येक ठिकाणीं उलटेपालटे झाले आहेत. आपल्या सह्याद्रीवर तशी आपत्ति आलेली नाहीं. येथील थर जवळजवळ आडवेच राहिले आहेत.

सह्याद्रीची अडचण निराळी आहे. हा काळा दगड गाळ नव्हे, तो निवालेला शिलारस आहे. आणि शिलारस दोन प्रकारांनीं वागतो. एक तर तो भुईवर पसरतो. नाहीं तर खालून येऊन दोन जुन्या थरांच्या सांध्यांत घुसतो व तेथेंच थिजतो. दुसऱ्या प्रकारांत तो आपल्या वरच्या थराहूनही लहान ठरतो, आणि स्टेनोचा नियम जसाच्या तसा लावणारा फसतो. मग ओळखावें कसें? भाजल्याच्या खुणेवरून. भुईवर पसरलेला रस फक्त खालची जमीन भाजतो. सांध्यांत घुसलेला रस खालचा व वरचा असे दोन्ही थर भाजून काढतो. शिवाय भुईवर निवालेल्या रसाच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांचीं भोंकें राहतात, आणि तो माथा ऊन-पावसानें झिजून त्याची माती होते. घाटांतला तांबडा पट्टा म्हणजे बहुतेक ठिकाणीं अशी झालेली माती होय. कोठें कोठें तींत ज्वालामुखीची राखही मिसळली आहे. खालचा थर निवाला, उघडा पडून राहिला, त्याची माती झाली, आणि मग वरचा रस येऊन तिला भाजून गेला. धुळें-नंदुरबारकडे काळ्या दगडाच्याच उभ्या भिंती या आडव्या थरांस चिरून गेलेल्या आढळतात. तेथें निर्णय सोपा आहे: चिरणारा हा चिरल्या गेलेल्याच्या नंतरचा.

अशा रीतीनें थरांचा आपसांतील क्रम लागतो. पण एका घरांतील भावंडांचा क्रम कळला म्हणजे शेजारच्या घरांतील मुलांपेक्षां तीं लहान कीं मोठीं हें कळलें, असें होत नाहीं. ती ताडणी कशी करावी हें इंग्लंडांत विल्यम स्मिथ यानें दाखविलें. हा खेड्यांतील लोहाराचा मुलगा. धंद्यानें जमिनीची मोजणी करणारा. सॉमरसेट परगण्यांत कोळसा वाहून नेण्यासाठीं कालवा खणला जात असतां त्याच्या ध्यानांत आलें कीं, दोन थरांचा दगड दिसण्यांत सारखा असला तरी त्यांतील शिंपले सारखे नसतात. प्रत्येक थराचे शिंपले त्याचे त्याचे, आणि त्यांचा क्रम गांवोगांव तोच. सन १७९९ मध्यें त्यानें बाथ येथें या थरांचा तक्ता सांगून लिहविला. सन १८१५ मध्यें त्याचा प्रसिद्ध नकाशा छापला गेला. त्यानंतर चारच वर्षांनीं तो कर्जापायीं लंडनच्या तुरुंगांत होता. जिऑलॉजिकल सोसायटीनें त्याचा पदक देऊन गौरव केला तो १८३१ सालीं. विद्वानांच्या सभांना कालव्यावरच्या माणसाचें ऐकावयास वेळ लागतो.

आतां आपली खरी अडचण दिसेल. स्मिथची किल्ली शिंपल्यांची, आणि पेटत्या शिलारसांत शिंपला कोठून असावयाचा? महाराष्ट्राचा बहुतेक मुलूख व्यापणाऱ्या या प्रचंड दगडी राशीच्या अंगावर तिच्या काळाची एकही खूण नाहीं. खूण सांपडली ती नागपुरास, दोन पाषाणांच्या मधल्या चिखलांत.

नागपूरची सीताबर्डीची टेकडी सन १८१७ च्या लढाईमुळें इतिहासाच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. त्याच वर्षीं स्कॉटलंडांत जन्मलेला स्टीफन हिस्लॉप हा मिशनरी १८४५ मध्यें नागपुरास आला. धर्मप्रसार व शाळा सांभाळून त्याला दगड गोळा करण्याचा नाद होता. ती टेकडी आणि जवळचें टाकळी गांव येथें त्याला व त्याचा सोबती हंटर याला काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें एक पातळसा गाळाचा थर आढळला. तें एक जुनें तळें होतें! शिलारसाचा एक लोट निवाला. त्याच्या खळग्यांत पाणी सांचलें. त्यांत गोगलगायी झाल्या. कांठच्या झाडांचीं फळें व लाकडें पडलीं. आणि मग दुसऱ्या लोटानें सारें झांकून टाकलें. त्यांतल्या एका पातळ कवचाच्या गोगलगायीचा पीळ बहुतेक गोगलगायींच्या उलट दिशेचा आहे. या दोघांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकांत सन १८५५ मध्यें आला. हिस्लॉपचा कौल असा पडला कीं, हा चिखल इओसीन काळाचा, म्हणजे महाकाय सरड्यांचें युग संपून सस्तन प्राण्यांचें युग सुरू झाल्यानंतरचा. सन १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना पुरानें फुगलेला ओढा ओलांडीत असतां हिस्लॉप बुडून मेला. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नांवाचें आहे.

त्याचा कौल फार काळ निर्वेध राहिला नाहीं. भारतीय भूगर्भ पाहणीखात्याचा ब्लॅनफर्ड यानें तळ्याच्या चिखलाकडे न पाहतां राशीच्या पायाकडे व माथ्याकडे पाहिलें. नर्मदेच्या बाजूस, लेण्यांसाठीं प्रसिद्ध असलेल्या बाघ गांवाजवळ, शिलारसाच्या खालीं समुद्रांतील शिंपल्यांचा चुनखडक आहे, आणि ते शिंपले क्रिटेशस, म्हणजे खडूच्या युगाचे आहेत. उलट सुरत-भडोचकडे शिलारसाच्या वर निराळे थर आहेत. त्यांत नाण्यासारखीं चपटीं कवचें सांपडतात व तीं इओसीन काळचीं म्हणून देशोदेशीं ओळखलीं जातात. एवढेंच नव्हे, तर या वरच्या थरांत शिलारसांतून झिजून आलेले अकीकाचे गोटे मिळतात. ज्याचे तुकडे दुसऱ्याच्या पोटांत सांपडतात तो अगोदरचा, हें उघड आहे. तेव्हां इओसीन काळापूर्वींच ही रास ओतून, निवून, झिजूंही लागली होती. मला स्वतःला ही मांडणी सर्व वादांत अधिक देखणी वाटते. जबलपुराकडे शिलारसाखालच्या लामेटा थरांत डायनोसॉरचीं हाडें मिळाल्यानें तिला बळकटीच आली.

सन १९३४ मध्यें बिरबल साहनी यांनीं वाद पुन्हां उकरून काढला. छिंदवाडा जिल्ह्यांतील मोहगांवकलां येथील अशाच चिखलांत ताडाच्या जातीच्या वृक्षांचे विपुल अवशेष आहेत. त्यांतील एका फळाच्या जातीचीं फळें लंडनच्या इओसीन मातींत मिळतात. म्हणून हिस्लॉपचेंच खरें, असें साहनींचें मत. त्या वनस्पतींचे वंश क्रिटेशसच्या अखेरीसही होते हें पुढें दिसून आलें. मूळ घोटाळा साक्षीदारांचा होता. तळ्यांतली गोगलगाय व कांठचें झाड हे एका मुलखाचे रहिवासी. त्यांच्यावरून दूरच्या देशांतील थरांशीं ताडणी करणें धोक्याचें. समुद्रांतील तरंगणारे सूक्ष्म जीव सर्व जगांत पसरतात व लौकर पालटतात. त्यांची साक्ष ग्राह्य.

ती साक्ष गोदावरीच्या मुखाकडे मिळाली. राजमहेंद्रीपाशीं शिलारसाच्या दोन थरांमध्यें समुद्राचा गाळ आहे. त्यांत डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर प्रथमच अवतरलेल्या सूक्ष्म जीवांचीं कवचें आहेत, असें गेर्टा केलर व तिच्या सहकाऱ्यांनीं सन २००८ मध्यें दाखविलें. दुसरीकडे कच्छांत अंजार येथें शिलारसाच्या दोन थरांमधील गाळांत डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत. म्हणजे या राशीचा कांहीं भाग त्या संहाराच्या आधींचा आणि कांहीं नंतरचा. शंभर वर्षें ज्या रेषेच्या अलीकडे कीं पलीकडे म्हणून भांडण चाललें, ती रेषा राशीच्या पोटांतूनच जात होती.

वर्षांचा आंकडा निराळ्या विद्येनें, किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयावरून काढला. तो सुमारें ६.६ कोटि वर्षांचा आहे. सन २०१५ मध्यें घाटांतल्या थरांमधून, विशेषतः त्या तांबड्या पट्ट्यांत मिसळलेल्या राखेंतून, झिर्कॉनचे बारीक कण वेंचून ही कालगणना अधिक सूक्ष्म करण्यांत आली. बहुतेक सर्व रास दहा लाखांहून कमी वर्षांत ओतली गेली असें तींतून निघालें. घाटांतल्या नेमक्या कोणत्या लोटापाशीं संहाराची रेषा ओढावयाची, याविषयीं मात्र सन २०१९ मध्यें दोन संशोधक-मंडळांनीं एकाच अंकांत दोन निरनिराळीं मतें छापलीं. दोघांच्याही यादींत थरांचा क्रम एकच आहे.