सूज दिसते, दुखणं दिसत नाही

आजचा इतिहास राजा-महाराजांचा नाही, दुखण्याचा आहे.

दिवाळीत गावी गेलो होतो, नरखेड तालुक्यात. बागेत संत्र्याची तोडणी सुरू, आणि मावशी खाटेवर. तिला बरीच वर्षं आमवात आहे, म्हणजे रूमेटॉइड आर्थ्रायटिस. औषधांनी बोटांची सूज उतरलीय, रक्ताचा रिपोर्टही बरा. पण मान, पाठ, मांड्या, सगळं ठणकतं. रात्रभर झोपूनही ती थकलेलीच उठते. घरचे म्हणतात, "रिपोर्ट तर नॉर्मल आहे!" मावशी म्हणाली, "सूज तं दिसते बापा, हे दुखणं कोणाले दाखवू?"

हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९०४ मध्ये लंडनच्या विल्यम गावर्स या डॉक्टरांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं. अर्थ असा की स्नायूंभोवतीच्या तंतूंना सूज आलीय. पुढे तपासण्या झाल्या, तर तशी सूज सापडेना. मग काय, अनेक पेशंटना ऐकावं लागलं : तुमच्या मनाचे खेळ आहेत.

आता एका बाप-लेकाची गोष्ट ऐका. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या एका पेशंटला कॉर्टिसोन दिलं. जिला हलणंही कठीण होतं, ती काही दिवसांत चालू लागली. १९५० मध्ये हेंच यांना नोबेल मिळालं. जास्त काळ घेतल्यावर कॉर्टिसोनचे दुष्परिणाम किती, ते नंतर कळलं.

त्यांचा मुलगाही सांध्यांचा डॉक्टर झाला. १९७६ मध्ये त्याने 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द सुचवला. 'आयटिस' म्हणजे दाह. तो शब्दातून गेला आणि 'अल्जिया', म्हणजे वेदना, आली. बापाने सूज उतरवणारं औषध दिलं, लेकाने सूज नसलेल्या दुखण्याला नाव दिलं!

१९९० मध्ये निकष ठरले : अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबायच्या, ११ दुखल्या तर फायब्रोमायल्जिया. २०१० मध्ये जागा मोजण्याची अट गेली. दुखणं किती पसरलंय, झोप कशी, थकवा किती, हे विचारायचं ठरलं. आणि आज डॉक्टर मानतात की आमवात असला तरी फायब्रोमायल्जियाही असू शकतो. आमवाताच्या साधारण पाचातल्या एका पेशंटला दोन्ही असतात.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आमवात किती जोरात आहे हे मोजायला 'डास-२८' नावाचा स्कोअर आहे. त्यात २८ सांधे तपासतात. दुखरे किती, सुजलेले किती, रक्तातला ईएसआर, आणि पेशंटला स्वतःला कसं वाटतं. फॉर्म्युल्यात दुखऱ्या सांध्यांना ०.५६ वजन, सुजलेल्यांना ०.२८. म्हणजे दुप्पट! फायब्रोमायल्जियात दाबलं की दुखतंच. त्यामुळे सूज नसतानाही स्कोअर चढतो, आणि आमवाताचं औषध विनाकारण वाढवलं जाऊ शकतं. सेन्सर चुकीचा नाही, पण एकाच आकड्यात दोन सिग्नल मिसळलेत.

आपल्याकडे काय? १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांना विचारलं. सांधे-स्नायूंचं दुखणं सुमारे १८ टक्के लोकांना, आमवात मात्र जेमतेम अर्ध्या टक्क्याला. म्हणजे गावात दुखणारे खूप, आणि सगळ्यांचं दुखणं एकच नाही.

मावशीला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी सांधे दाबले, मग झोपेबद्दल विचारलं. आमवाताची औषधं तशीच ठेवली, डोस वाढवला नाही. रोज थोडं चालणं, झोपेची वेळ पक्की. दुखणं गेलेलं नाही. पण घरात आता कोणी "नाटक करते" म्हणत नाही.

तुमच्या घरी आमवात असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना एवढंच विचारा : हे सुजेचं दुखणं आहे की दुसरं? आणि हो, औषधं मनाने बंद करू नका.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!