कंदील जुना, फळ नवे

३१ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकेत लाल भोपळे कोरून, आत दिवा ठेवून दारात मांडतात. ही प्रथा मूळची आयर्लंड-स्कॉटलंडकडची. पण तिथे कंदील असे सलगमाचा! १८४५ च्या बटाट्याच्या दुष्काळानंतर लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले. तिथला भोपळा मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सोपा. प्रथा टिकली, फळ बदलले.

आपल्याकडे काय झाले? उंद्रीसारख्या वऱ्हाडातल्या गावी लाल भोपळ्यालाच 'कोहळं' म्हणतात. परंतु हे फळ मूळचे अमेरिका खंडातले. म्हणजे कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी ते आपल्याकडे नव्हते. मग सुश्रुतसंहितेतला 'कूष्मांड' कोणता? तो पांढरट, मेणचट सालीचा आशियाई कोहळा. 'कोहळा' हा शब्दही कूष्मांडावरूनच आला. पाहुण्या फळाला आपण घरातले जुने नाव दिले. तिकडे जुना कंदील नव्या फळात गेला, इकडे जुने नाव नव्या फळाला मिळाले.

आम्ही सुचवतो की, दोन्ही फळे वर्गात आणून त्यांची साल, गर आणि बिया शेजारी ठेवून पाहाव्यात. 'पूर्वापार' म्हणजे नेमके केव्हापासून, हा प्रश्न मग मुलेच विचारतील.