मोठ्या बोअरची बंदूक आणि दुर्बीण

बेळगावच्या टिळकवाडीची रेल्वे फाटके मागे टाकून गाडी खानापूर-लोंढ्याकडे निघाली की जो अरण्याचा मुलूख लागतो, तेथे गव्यामागे जाणाऱ्या शिकाऱ्याच्या हातातील बंदूक कारागिराने जितकी घडविली तितकीच सरकारी हुकमांनीही घडविली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास बंदुकीसाठी परवान्याची सक्ती झाली. १९०७ च्या सुमारास, मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलीत वापरता येतील या धास्तीने, ४५० बोअरच्या काडतुसांस हिंदुस्थानात बंदी झाली आणि त्यातूनच ४६५ व ४७० बोअर प्रचारात आले.

अशा दांडग्या बंदुकीवर दुर्बीण चढविणे हे मी कारागिरीचे परमोच्च कौशल्य मानतो. माउझर रायफलीच्या बोल्टची उभी मूठ दुर्बिणीस अडते; ती तापवून खाली वाकविताना बोल्ट जखडून धरणाऱ्या पुढच्या खुंट्यांच्या पोलादाचे पाणी उतरू नये म्हणून बोल्टला ओले फडके गुंडाळावे लागे. दुर्बिणीची बैठक नुसत्या बारीक स्क्रूंवर सोपविली तर बंदुकीच्या धक्क्याने ते तुटत; म्हणून जाणता कारागीर तिला काजळी लावून ती जागेवर दाबी, जेथे डाग उमटे तेवढेच कानशीने खरवडी, आणि अंग अंगाला भिडेपर्यंत हेच करीत राही. भिंग डोळ्यापासून तीन-चार इंच दूर ठेवावे लागे, नाहीतर शिकाऱ्याचीच भुवई फुटे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही शिकार बंद झाली, आणि ते सर्वथा उचित झाले.