आयपीस अडॅप्टर (नेत्रिका-जोड)

आयपीस अडॅप्टर : दुर्बिणीचा फोकसर (आयपीस बसवून आत-बाहेर सरकवायची नळी) एका मापाचा आणि त्यात लावायचा आयपीस, कॅमेरा किंवा मोबाइल दुसऱ्या मापाचा असला की दोहोंच्या मध्ये घालायचा जोडभाग. तो बहुधा ॲल्युमिनियमचा किंवा पितळेचा असतो. हल्ली प्लॅस्टिकचाही मिळतो. साध्या अडॅप्टरमध्ये भिंग नसते. त्यामुळे तो प्रतिमा सुधारू शकत नाही, बिघडवू मात्र शकतो. विकत घेताना बहुतेक जण फक्त व्यास विचारतात. व्यास चुकला तर अडॅप्टर बसत नाही आणि चूक दुकानातच उघडी पडते. लांबी चुकली तर तो अगदी झोकात बसतो, आणि रात्री चंद्र काही केल्या स्पष्ट होत नाही. म्हणून या नोंदीत लांबीला जास्त जागा दिली आहे.

निवडीचा विचार जागेपासून सुरू होतो. उदाहरणार्थ, नागपूरची सीताबर्डी, म्हणजे नागपूरकरांची बर्डी, ही भर बाजारपेठ. मुख्य रस्ता, व्हरायटी चौक, मेट्रोचे अदलाबदल स्थानक या सगळ्यांचा उजेड रात्री उशिरापर्यंत आकाशात जातो. परिसरातली उंच जागा म्हणजे १८१७ च्या लढाईची टेकडी. पण तिच्यावरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी वर्षातून मोजक्याच दिवशी उघडतो. तेव्हा दुर्बीण लागते ती घराच्या गच्चीवर. तिथून चंद्र, गुरू, शनी, जोडतारे आणि ठळक तारकागुच्छ चांगले दिसतात. धूसर तेजोमेघ आणि दीर्घिका यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पावसाळ्याचे चार महिने बाजूला ठेवले तर उरलेल्या रात्रींचा बराचसा वेळ ग्रहांवरच जातो, आणि अडॅप्टरही त्याच हिशेबाने घ्यावा.

व्यास : फोकसर आणि आयपीस बहुधा तीन मापांत येतात : ०.९६५ इंच (२४.५ मिमी), सव्वा इंच (३१.७५ मिमी) आणि दोन इंच (५०.८ मिमी). पहिले माप जुन्या जपानी ६० मिमी भिंगाच्या दुर्बिणींचे. परदेशातल्या नातेवाइकाने पूर्वी कधी आणून दिलेली, माळ्यावर पडलेली दुर्बीण बहुधा या मापाची निघते. तिचे भिंग अनेकदा चांगले असते. सोबतचे आयपीस मात्र अरुंद आणि अंधारे. अशा दुर्बिणीला नवा सव्वा इंची आयपीस लावायचा तर ‘हायब्रिड डायगोनल’ घ्यावा. त्याचे एक टोक ०.९६५ इंचाचे, दुसरे सव्वा इंचाचे असते आणि मधला आरसा किंवा लोलक प्रकाश ९० अंशांत वळवतो. या जुन्या संचात आयपीसच्या तळाशी आट्यांनी बसवायची ‘सन’ लिहिलेली काळी काचही सापडते. ती फेकून द्यावी. सूर्याची सगळी उष्णता तिथे एका ठिपक्यावर एकवटते, काच तडकते आणि पुढे डोळा असतो. सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच लागतो. आयपीसपाशी बसणारा कोणताही सौर फिल्टर, कोणत्याही अडॅप्टरसह, वापरू नये.

ब्रिटिश बनावटीच्या जुन्या पितळी दुर्बिणींची गोष्ट वेगळी. त्यांचे आयपीस नुसते सरकवून बसत नाहीत, आट्यांनी बसतात. सव्वा इंच व्यास आणि इंचाला १६ आटे, असे ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नावाने चाललेले माप होते. त्यासाठी एका टोकाला हे आटे आणि दुसऱ्या टोकाला सव्वा इंची भोक असलेला बुश (जोडकडी) करून घ्यावा लागतो.

दोन इंची फोकसरचे आकर्षण मोठे असते. सव्वा इंची नळीत जास्तीत जास्त सुमारे २७ मिमी रुंदीची प्रतिमा मावते, दोन इंचीत सुमारे ४६ मिमी. हौशी मंडळींत रुळलेली ६ इंची, एफ/८, म्हणजे १२०० मिमी नाभीय अंतराची न्यूटन पद्धतीची दुर्बीण घेतली, तर सव्वा इंचीतून १.३ अंश आणि दोन इंचीतून २.२ अंश आकाश दिसते. सुमारे दोन अंश पसरलेल्या कृत्तिका दुसऱ्यात पूर्ण मावतात, पहिल्यात नाही. पण ४० मिमीचा दोन इंची आयपीस या दुर्बिणीत ५ मिमी जाडीची प्रकाशशलाका डोळ्यात सोडतो आणि बर्डीचे उजळ आकाशही त्याच मापाने उजळ दिसते. त्यातून लहान दुय्यम आरशामुळे कडेचा प्रकाश कापला जातो तो वेगळाच. कोराडी-रामटेकच्या पलीकडे अंधाऱ्या शेतावर नियमित जाणाऱ्याने दोन इंचीचा खर्च करावा. गच्चीवरच राहणाऱ्याला ३२ मिमीचा सव्वा इंची प्लॉसल आयपीस पुरतो. फोकसर आधीच दोन इंची असेल तर त्यात बसणारा सव्वा इंची अडॅप्टर लागेलच. तो घेताना वरची कडा जितकी बुटकी मिळेल तितकी घ्यावी.

सूक्ष्मदर्शकाचे आयपीस आणि नळाचा पाइप : आयपीस दुर्मीळ आणि महाग होते तेव्हा दुर्बीण बनवणारे विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाचा आयपीस वापरत, आणि आजही ती युक्ती टाकाऊ नाही. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाच्या नळीचे माप २३.२ मिमी असते. त्याच्या आयपीसवर १०× लिहिलेले असते. स्पष्ट दृष्टीच्या २५० मिमी अंतराला १० ने भागले की नाभीय अंतर २५ मिमी येते. वरच्या दुर्बिणीत तो ४८ पट वर्धन देतो आणि एफ/८ ला ठीक चालतो. एफ/५ ला कडेचे तारे फिसकटतात. असा आयपीस फोकसरमध्ये बसवायला लेथवर बुश कातून घ्यावा. सांगताना ‘सव्वा इंची’ असे तोंडी सांगू नये. बाहेरचा व्यास ३१.७ मिमी, आतले भोक २३.३ मिमी असे कागदावर लिहून द्यावे, आणि जमल्यास आयपीस व फोकसरची टोपी दोन्ही सोबत न्यावीत. बरोबर ३१.७५ चा बुश ३१.७५ च्या भोकात जात नाही, हे लेथवाल्याला ठाऊक असते, सांगणाऱ्याला नसते.

लेथचा खर्च नको असेल तर नळाच्या दुकानातला ३२ मिमी बाह्य व्यासाचा पीव्हीसी पाइप आहे. तो सव्वा इंचाहून पाव मिलिमीटर जाड असतो. पॉलिश पेपरने घासला की फोकसरमध्ये जातो. पन्नास मिमीचा पाइप मात्र दोन इंचाला ०.८ मिमी कमी पडतो, त्यावर टेपचे वेढे द्यावे लागतात आणि उन्हाळ्यात टेपचा गोंद पाझरतो. कॅमेऱ्याच्या ३५ मिमी रोलची प्लॅस्टिक डबीही सव्वा इंची फोकसरमध्ये जवळपास नेमकी बसते. बुडाला मधोमध भोक पाडले की आरसे जुळवण्याचे साधन तयार. जुन्या फोटो स्टुडिओत अजून एखादी डबी निघते.

लांबी : दुर्बिणीचा आरसा किंवा भिंग प्रतिमा एका ठरावीक प्रतलात उभी करते. आयपीसचे किंवा कॅमेऱ्याचे प्रतल तिथे आणणे हे फोकसरचे काम. मध्ये घातलेला प्रत्येक अडॅप्टर आयपीसला बाहेर ढकलतो, आणि तेवढेच फोकसर आत घ्यावे लागते. आत जायला जागा उरली नाही की खेळ संपला. भिंगाच्या दुर्बिणीत ही जागा मुबलक ठेवलेली असते, कारण डायगोनल लागणार हे बनवणाऱ्याने धरलेले असते. सव्वा इंची डायगोनल साधारण ६५ ते ७५ मिमी मार्ग खातो, दोन इंची १०० मिमीच्या पुढे जातो. नागपुरात तर डायगोनलवाचून गत्यंतर नाही. २१ अंश अक्षांशावर कृत्तिका, रोहिणी, स्वाती डोक्यावरून जातात, आणि मिथुनेत असताना गुरूही. सरळ नळीतून तिकडे पाहायचे तर गच्चीवर उताणे पडावे लागते. न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत डायगोनल लागत नाही, म्हणून तिच्यात फोकसर आत घ्यायची जागा बेताचीच ठेवतात आणि अडचण तिथेच येते.

किती जागा शिल्लक आहे हे एका रात्रीत मोजता येते. फोकसर पूर्ण आत घ्यावा, आयपीस काढावा, दुर्बीण चंद्रावर लावावी आणि नळीच्या तोंडासमोर ट्रेसिंग पेपर धरून मागे-पुढे करावा. चंद्राचे चित्र जिथे रेखीव उमटेल तिथून नळीच्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे खर्च करायला असलेली पुंजी. ते अंतर वहीत लिहून मगच बाजारात जावे.

बाजारात दिवसा केलेली चाचणी इथे हमखास फसवते. जवळच्या वस्तूची प्रतिमा आकाशातल्या वस्तूपेक्षा मागे पडते. किती मागे, ते नाभीय अंतराच्या वर्गाला वस्तूच्या अंतराने भागले की कळते. दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडची ५० मीटरवरची पाटी पाहिली, तर १२०० मिमी दुर्बिणीत प्रतिमा सुमारे २९ मिमी बाहेर येते. शंभर मीटरवरच्या पाटीला १४ मिमी, एक किलोमीटरवरच्या टाकीला जेमतेम दीड. म्हणजे पाटीवरची अक्षरे लखलखीत दिसली, अडॅप्टर घरी आला, आणि रात्री शनीसाठी फोकसर २९ मिमी आत घ्यावा लागतो तर नळी आधीच टेकलेली. दुकानदाराने फसवले असे ग्राहकाला वाटते. यात फसवणूक नसते. पाटी जवळ होती एवढेच. चाचणी करायचीच तर दिसेल तितक्या दूरच्या मनोऱ्यावर करावी.

जागा कमी पडली तर उपाय मुख्यतः दोन, आणि दोन्हींना किंमत आहे. मुख्य आरसा नळीत २०-३० मिमी पुढे सरकवला की प्रतिमा तेवढी बाहेर येते. पण मग दुय्यम आरसा अपुरा पडू शकतो. दुसरा उपाय बार्लो भिंग. ते प्रतिमा बाहेर ढकलते आणि वर्धनही वाढवते. बार्लो आणि आयपीस यांच्यामध्ये अडॅप्टर आला तर वर्धन आणखी वाढते : बार्लोचे नाभीय अंतर १०० मिमी आणि भिंगापासून प्रतिमाही १०० मिमीवर असेल तर ते दुप्पट करते, मध्ये २५ मिमीचा तुकडा घातला की सव्वादोनपट. ग्रहांचे फोटो काढणारे हे मुद्दाम करतात.

कॅमेरा आणि मोबाइल : कॅमेऱ्यासाठी टी-आटे प्रचलित आहेत : ४२ मिमी व्यास, ०.७५ मिमी अंतर. टॅमरॉन कंपनीने १९५७ मध्ये ते आणले. जुन्या प्रॅक्टिका, झेनिट कॅमेऱ्यांचे आटेही ४२ मिमीचेच, पण १ मिमी अंतराचे. दोन्ही एकमेकांत एखादा फेरा जातात आणि अडकतात. जोर लावू नये. हे आटे कॅमेऱ्याला जोडणारी कडी म्हणजे टी-रिंग; तिच्या दुर्बिणीकडच्या कडेपासून सेन्सरपर्यंत ५५ मिमी अंतर ठरलेले असते. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्याची खोली ४४ मिमी, म्हणून त्याची रिंग ११ मिमी जाड. निकॉन एफची ४६.५, म्हणून रिंग ८.५. मिररलेस कॅमेरा पातळ असतो, सोनी ई अवघा १८ मिमी, म्हणून लोकांना वाटते की फोकसची अडचण मिटली. त्याची नेहमीची टी-रिंग ३७ मिमी लांब असते आणि बेरीज पुन्हा ५५ च. ट्रेसिंग पेपरने ४० मिमी दाखवले असतील तर टी-रिंग घेऊन उपयोग नाही. थेट दोन इंची नळीत बसणारा आखूड जोड शोधावा.

मोबाइलला यातले काहीच लागत नाही, कारण तो आयपीसमागे डोळ्याच्या जागी बसतो. त्याचा पकडजोड घेताना मोबाइलचे भिंग आयपीसच्या अक्षावर आणि योग्य अंतरावर धरता येते का एवढेच पाहावे. १५ ते २५ मिमीचे आयपीस सोयीचे. ६ मिमीच्या बारीक छिद्राशी झगडण्यात रात्र जाते. तीन कॅमेऱ्यांचे मोबाइल मध्येच स्वतःहून भिंग बदलतात, ती सोय बंद करावी. पकडजोड आणि मोबाइल मिळून वजन भरते, त्याने प्लॅस्टिकचा फोकसर वाकतो आणि डॉब्सन बैठकीची दुर्बीण नाक खाली घालते. मागे तोलाला काहीतरी बांधावे लागते.

बांधणी : एकाच स्क्रूने आयपीस दाबला की तो कडेला रेलतो आणि नळीवर खड्डे पडतात. पितळी कडी असलेला किंवा तीन स्क्रूंचा अडॅप्टर बरा. आयपीसच्या नळीला खाच असेल तर कडी कधीकधी त्या खाचेत अडकते आणि अंधारात काढताना जीव जातो; खाच नसलेली सरळ नळी सोयीची. तळाला फिल्टरचे आटे हवेत : सव्वा इंचीला २८.५ मिमी, दोन इंचीला ४८ मिमी. आतली भिंत हा सर्वांत दुर्लक्षित भाग. ती चकचकीत असेल तर रस्त्यावरचा दिवा आणि गच्चीशेजारचा जाहिरातफलक आतल्या भिंतीवरून परावर्तित होऊन चंद्राभोवती धुके उभे करतात. आत बारीक आटे पाडलेला, निस्तेज काळा अडॅप्टर घ्यावा. नसेल तर फळ्याचा काळा रंग द्यावा.

उन्हाळ्याची भीती धातूच्या बाबतीत निराधार आहे. ॲल्युमिनियमच्या भोकात पितळी नळी असली, तर ३० अंश तापमान वाढूनही दोघांच्या प्रसरणातला फरक चार हजारांश मिलिमीटरच्या आसपास राहतो. घरी छापलेल्या प्लॅस्टिकचे तसे नाही. थ्री-डी प्रिंटरचे नेहमीचे पीएलए प्लॅस्टिक ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते, आणि मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा तिथवर सहज जाते. छापून घ्यायचाच तर पीईटीजी किंवा एबीएसमध्ये घ्यावा.