सेंधव्याच्या तारेपासून बावीस नंबरच्या दारापर्यंत

१८५७ च्या नोव्हेंबरात मुंबई-आग्रा रस्त्यावर, सेंधव्याच्या घाटात, खाज्या नाईकांच्या भिल्ल साथीदारांनी इंग्रजांचा सात लाखांचा खजिना लुटला आणि तारही तोडली. खजिन्याची गोष्ट खानदेशात अजून सांगतात. तारेची फारसं कुणी सांगत नाही. आग्रा-मुंबई तार सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती, आणि ती बंद पडली की बिघाड नेमका कुठे, हे तारखात्याला बसल्या जागी ओळखावं लागे.

तार तुटली, तर विजेची वाटच संपते आणि यंत्राचा काटा हलत नाही. पण तीच तार ओल्या फांदीला टेकली, तर वीज जमिनीत उतरते. काटा हलतो, निरोप मात्र पोचत नाही. दोन्ही वेळा काम ठप्प, पण लाइनमनने शोधायची गोष्ट वेगळी. दूरच्या यंत्राची नाडी पाहण्याची विद्या इथून सुरू होते.

पुढे ट्रंक कॉलचे दिवस आले. तिथेही ‘एंगेज’ आणि ‘लाइन डेड’ यांतला फरक कानाला कळायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) उपग्रह जाळ्याने जिल्ह्यांच्या कलेक्टर कचेऱ्या दिल्लीशी जोडायला घेतल्या आणि एका गावात बसून दुसऱ्या गावच्या संगणकात शिरणं हे सरकारी कामकाज झालं.

त्या काळी इंटरनेटवर असं शिरणं बहुधा टेलनेट या आज्ञावलीने होई आणि पासवर्ड उघडाच जाई. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असे पासवर्ड चोरले. तिथल्या तातू इलोनेन यांनी मग सगळा संवाद सांकेतिक करणारं एसएसएच लिहिलं. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचा पोर्ट, म्हणजे संगणकावरचं क्रमांकाचं दार, २१; टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्यांनी मागून घेतला. आज सर्व्हर सांभाळणारी माणसं याच दारातून ये-जा करतात.

हे दार उघडलं नाही की पडद्यावर उमटतं: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. नवखा माणूस घाबरतो. जाणकाराला मात्र यात धीर वाटतो, कारण हा नकार बहुतेक वेळा खुद्द त्या यंत्राने पाठवलेला असतो. म्हणजे वीज आहे, वाट शाबूत आहे, यंत्र जागं आहे. फक्त त्या पोर्टवर ऐकायला कुणी बसलेलं नाही. एसएसएचची सेवा बंद पडली असेल, सेटिंगच्या फाइलमधल्या एका चुकीने ती उठलीच नसेल, कुणी पोर्ट बदलला असेल, किंवा आपणच चुकीच्या पत्त्यावर दार वाजवत असू. कधी फायरवॉलही असा स्पष्ट नकार देते. पहिली तपासणी सर्व्हरच्याच कन्सोलवर, सेवा चालू आहे की नाही याची.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे नुसती शांतता. इथे संशय वाटेवर: फायरवॉल विनंती गिळतेय, सर्व्हर बंद आहे किंवा रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने केबल तोडली आहे. आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर दार उघडलेलं असतं. घोटाळा नावात, पासवर्डमध्ये किंवा किल्लीत.

तारखात्याच्या माणसाला काट्याच्या हालचालीवरून जे वाचावं लागे, ते आज यंत्र शब्दांत लिहून देतं. तरी सातबाऱ्याच्या रांगेपासून बँकेच्या खिडकीपर्यंत आपण या सगळ्याला ‘सर्व्हर डाऊन’ एवढं एकच नाव देतो. त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्याचा निम्मा दिवस शोधण्यातच जातो. खानदेशात जळगाव-धुळ्याच्या कचेऱ्यांत आणि सेवा केंद्रांत संगणकापुढे बसणाऱ्यांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी फोन करण्याआधी पडद्यावरची ओळ जशीच्या तशी उतरून घ्या, वेळ लिहा आणि तीच वाचून सांगा.